गावच्या घरचं नेट आणि टीव्ही बदलायचाय, पण केबलवाला भावकीतला आहे

कातळसडा | ९ मे, रात्री ९:४०

मंडळी, घर देवगड तालुक्यात, सड्याखालच्या वाडीत. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला खाडी. मोबाईलला रेंज हवी तर पाणंदीने वर सड्यावर जायचं. तिथे एक काजूचं झाड आहे, त्याच्याखाली उभं राहून मी पुण्याच्या साहेबांना कितीतरी वेळा 'हो, आवाज येतोय' म्हटलं आहे. २०२० च्या लॉकडाऊनला गावी आलो तो परत गेलोच नाही. काम सगळं लॅपटॉपवर.

सध्या नेट गावातल्या केबलवाल्याचं. प्लॅन ३० एमबीपीएसचा, सकाळी पंचवीस मिळतात, रात्री आठनंतर सहा. लाईट गेली की नेटही जातं, मग आमच्याकडे इन्व्हर्टर असो वा नसो. महिन्याला ६०० रोख, पावती वगैरे काही नाही. टीव्हीची छत्री वेगळ्या कंपनीची, महिन्याचं रिचार्ज ४६० च्या आसपास, आणि मिरगाची पहिली सर आली की पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. आई म्हणते, मालिकेत लग्न लागायच्या मुहूर्तालाच पाऊस कसा येतो कोण जाणे.

दोन्ही बदलायचं मनात आहे. शेजारच्या गावात फायबर आलंय असं ऐकतो. सड्यावर फाइव्ह-जीचा टॉवर झालाय, म्हणजे एअरफायबरही होऊ शकेल. टीव्हीसाठी डीडी फ्री डिश लावून बाकी सगळं नेटवर बघावं का, तेही डोक्यात आहे.

पण खरी अडचण तांत्रिक नाही. केबलवाला आमच्या भावकीतला. बाबांचं म्हणणं, "तेका काय सांगतलस, तुझा नेट वायट म्हणान? गणपतीक आरतेक येता तो आमच्याकडे."

कोणी यातून गेलंय का? दोन्ही बाबतींत सल्ला हवाय.

चाकरमानी_दादर | ९ मे, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. राजापूरला आईबाबांसाठी हेच करायचंय.

निवांत | ९ मे, रात्री १०:१५

खाडीकाठी घर आहे आणि नेट कशाला हवंय? आमच्याशी घर बदला.

कातळसडा | ९ मे, रात्री १०:२१

@निवांत, या. आधी महिनाभर रात्री पंपाची लाईट कधी येते ते बघत बसा, मग बोलू.

वेळणेश्वरी | १० मे, सकाळी ७:३०

आमच्याकडे (गुहागर तालुका) दीड वर्षापासून एअरफायबर आहे. कंपनी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या वाडीत तिचाच अनुभव अगदी उलटा आहे. हे सगळं जागेवर अवलंबून.

लोकांचा एक गैरसमज होतो. नावात फायबर आहे, पण घरापर्यंत काचेची तार येत नाही. गच्चीवर किंवा कौलांच्या वर पाइपाला एक डबा लावतात, तो टॉवरकडून फाइव्ह-जी पकडतो आणि वायरने घरातल्या राउटरला देतो. म्हणजे तुमच्या मोबाईलचंच भावंड, फक्त कान मोठे. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की डब्याच्या जागेवरून टॉवर दिसतो का. सड्यावर टॉवर आहे आणि तुम्ही सड्याच्या पायथ्याशी असाल तर तो तुमच्या डोक्यावरून पलीकडच्या गावाला सेवा देत असेल! बसवायला येणारा माणूस मोबाईल घेऊन कौलांवर चढतो नि आकडे बघतो. त्याला घाई करू देऊ नका. चारही कोपरे फिरवा.

दुसरं. मे महिना, गणपती आणि शिमगा. एरवी आमच्याकडे १०० च्या खाली जात नाही. चाकरमानी आले की एकाच टॉवरवर पाचपट मोबाईल. गेल्या गणपतीत दीड दिवस तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटोसुद्धा गोल गोल फिरत होता. दीड दिवसाचे गेले आणि नेट परत आलं. गंमत म्हणजे जिओचं एअरफायबर सुरू झालं तेच १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीला. कोकणातल्या टॉवरला विचारून मुहूर्त काढला नसावा.

घावणेवाला | १० मे, सकाळी ८:०५

मालवणात आमचा होमस्टे आसा. पाहुणो गाडीतून उतरता नि पयलो प्रश्न, "वायफायचा पासवर्ड काय?" पाण्याची बाटली मागूक नंतर. म्हणान दोन लायनी ठेवल्यो आसत, एक फायबर आणि एक एअरफायबर. एक मेली तर दुसरी.

एक सांगतंय. सीसीटीव्ही असात तर आधीच विचारा. बऱ्याच कंपन्या आता एकच आयपी पत्तो अनेक घरांत वाटतत, मगे भायरसून थेट कॅमेरो उघडणा नाय. माका दोन दिस कळलाच नाय काय झाला ता. ॲपवरून चालणारो कॅमेरो असलो तर काय त्रास नाय.

भावकीच्या भानगडीत माका पाडू नकात. 😀

काचतंतू | १० मे, दुपारी १२:४०

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम रत्नागिरी. उभं आयुष्य खांब, डब्या आणि जॉइंट यांतच गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

कातळसडा, तुमच्याकडे फायबर येणार असेल तर दुसरं काही बघू नका. कारण सांगतो. तांब्याची तार होती तेव्हा वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या तालुक्याचे मोडेम जळालेले असायचे. काचेतून वीज वाहत नाही. (तारेला आधार म्हणून लोखंडी सळी असलेली केबल असते, ती घरात आणू नये, भिंतीबाहेरच कापावी. हे बरेच जण करत नाहीत.) गंज नाही. खाऱ्या हवेचं तिला काही नाही.

आता खरी गोष्ट. जाहिरातीतल्या १०० आणि २०० च्या आकड्यांकडे बघू नका. तुम्हाला ४० एमबीपीएस मिळाले म्हणजे सेकंदाला ५ एमबी, कारण आठ बिटांचा एक बाइट. एका घराला, दोन टीव्ही आणि एक मीटिंग धरून, तेवढं पुरे. बघायचं ते हे, की तुमच्या घरात प्रकाश किती पोचतो.

एक काचेची तार एक्स्चेंजकडून निघते आणि वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत फुटते, आठ घरांना, सोळा घरांना, बत्तीस घरांना. दर वेळी दोन भाग झाले की प्रकाश निम्मा. हा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे १८, उणे २० झकास. उणे २५ नंतर काळजी. उणे २७ च्या पुढे घरातला डबा, म्हणजे ओएनटी, आंधळा होतो. दर तीन आकडे खाली म्हणजे प्रकाश निम्मा, हे लक्षात ठेवा. उणे २६ वर बसवून दिलेली लाइन उन्हाळ्यात मस्त चालते आणि पहिल्या पावसात जॉइंटमध्ये ओल शिरली की 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग लोक कंपनीला शिव्या देतात. कंपनीचा दोष थोडा, जॉइंटवाल्याचा जास्त.

म्हणून माणूस आला की त्याला म्हणा, "पॉवर मीटर लावून दाखव." आकडा दाराच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, तारखेसकट. जोड यंत्रावर वितळवून केला का चिमट्याच्या कनेक्टरने दाबला, हेही विचारा. वितळवलेला जोड जवळजवळ काहीच खात नाही. दाबलेला आज खातो थोडं, वर्षाने जास्त.

आणि तार खिळ्यावर काटकोनात वाकवू नये. काचेला वळण चालतं, मोड चालत नाही.

कातळसडा | १० मे, दुपारी १:०२

@काचतंतू, हे वाचून आत्ताच दाराची मागची बाजू पुसून आलो. तिथे आधीच २०२१ च्या वादळाची तारीख आणि आजोबांचा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आहे.

वाशिष्ठीकाठ | १० मे, दुपारी ३:१५

चिपळूणकरांकडून एक ओळ. राउटर, सेटटॉप बॉक्स, जे काही बसवाल ते उंचावर बसवा. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे देवसुद्धा पहिल्या मजल्यावर आहेत.

आईचा_रिमोट | १० मे, संध्याकाळी ६:५०

टीव्हीवर कोणी बोललंच नाही म्हणून मी लिहिते. आमचं घर मुरुड-जंजिऱ्याजवळ. आईचं टीव्हीचं खातं मीच बघते, त्यामुळे हा आयडी.

आधी पावसाचं. छत्रीवर येणारा सिग्नल केयू बँडचा, ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास. जोराच्या पावसाचे थेंब तो शोषतात आणि विखरतात. कंपनी बदलून हे थांबत नाही, सगळ्यांचीच छत्री त्याच बँडवर आहे. फ्री डिशही त्याच बँडवर. म्हणून 'पावसात जातं' या एकाच कारणासाठी एका छत्रीवरून दुसरीवर उडी मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण मिनिटभर जाणं वेगळं आणि तासभर जाणं वेगळं. तासभर जात असेल तर मुळात सिग्नल कमजोर आहे. सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलची पट्टी दिसते, ती कोरड्या दिवशी बघा. आपल्याकडून हे उपग्रह आग्नेयेला आहेत, बऱ्यापैकी उंच, साठ अंशांच्या वर-खाली. त्यामुळे मागचा डोंगर सहसा आड येत नाही, आड येतो माड. छत्री लावली तेव्हा माड कमरेएवढा होता, आता त्याच्या झावळ्या बरोबर सिग्नलमध्ये. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. दोन झावळ्या उतरवल्या आणि चार वर्षांची रडकथा संपली. खाऱ्या वाऱ्याने छत्रीचे नटबोल्टही गंजतात, ती अर्धा अंश कलते आणि कुणाला कळत नाही. वायर एलएनबीला (छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) जिथे जोडली आहे तिथे रबर टेप गुंडाळलेली नसेल तर पाणी शिरलंच समजा.

आता पैसे. ४६० कशाचे जातात ते बघितलंत का? ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नव्या नियमांनी १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी आली. नेटवर्कचं भाडं तेव्हा १०० चॅनेलांना जास्तीत जास्त १३० रुपये होतं, १८ टक्के करासह १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या वर्षी तेवढ्यातच २०० चॅनेल द्यायला लावले. २०२४ मध्ये ती कमाल मर्यादा काढून टाकली, आता कंपनी ठरवेल ते, म्हणून कंपन्यांची तुलना करताना हे भाडं आधी विचारा. एचडी चॅनेल मोजताना एकाचे दोन धरतात, हेही.

मी एका रविवारी आईला शेजारी बसवून विचारलं, काय बघतेस? चार मराठी मनोरंजनाचे, दोन बातम्यांचे, एक भक्तीचा, आणि बाबांसाठी क्रिकेट असेल तेव्हा. पॅकमध्ये मात्र तेलुगू सिनेमा, इंग्रजी स्वयंपाक आणि कार्टून यांचे पैसे जात होते. चॅनेल निवडून घेतले आणि बिल जवळजवळ निम्म्यावर आलं. कंपनी बदललीच नाही!

कातळसडा | १० मे, रात्री ८:३०

माड! आमच्या छत्रीसमोर बरोबर एक माड आहे. बाबांनी २०१८ ला लावलेला. तो कापायचा विषय काढला तर मला घराबाहेर काढतील. झावळ्यांपुरतं बोलून बघतो.

फ्री डिशचं काय मग?

आईचा_रिमोट | १० मे, रात्री ९:०५

फ्री डिश चांगली आहे. प्रसारभारतीची, २००४ मध्ये सुरू झाली, महिन्याचं काही भरायचं नाही, एकदा छत्री-डब्याचा खर्च. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात. जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. जुनी छत्री बहुधा तीच चालते, फिरवून घ्यावी लागते, डबा मात्र नवा. पण खासगी वाहिन्या लिलावातून जागा घेतात आणि सोडतात, आज दिसलेली वाहिनी वर्षाने असेलच असं नाही. तुमच्या आईच्या मालिका त्यावर आहेत का, हे गावात ज्याच्याकडे फ्री डिश आहे त्याच्या घरी संध्याकाळी चहाला जाऊन बघा. हीच खरी चाचणी.

नेटवर बघणं हा तिसरा मार्ग. स्टार प्रवाहचं जिओहॉटस्टारवर, झी मराठीचं झी-५ वर. पण आई सत्तरीची असेल तर रिमोटवर किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. आमच्याकडे तीनच्या पुढे गेलं की हाक येते.

चाकरमानी_दादर | ११ मे, सकाळी १०:२०

माझी चूक सांगतो, कोणी करू नये म्हणून. तीन वर्षांपूर्वी राजापूरच्या घरी एका लहान कंपनीचं नेट घेतलं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, म्हणून भरले. पाचव्या महिन्यात तार तुटली. फोन केला तर 'उद्या येतो'. मग फोन लागेना. मग दुकानाचं शटर खाली. राउटर माझ्या मालकीचा की भाड्याचा हेसुद्धा मला माहीत नव्हतं, पावतीच नव्हती.

आता मी महिन्याचंच भरतो. फुकटचे दोन महिने नकोत.

काचतंतू | ११ मे, सकाळी ११:१०

@चाकरमानी_दादर, परवानाधारक कंपनी असेल तर तक्रारीचा रस्ता आहे, लोक तो पुरता चालत नाहीत. आधी तक्रार केंद्रात नोंद, आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्यायचा. त्याशिवाय पुढचं काही होत नाही. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, त्याला २०१२ च्या नियमांनुसार ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. एकोणचाळीसच का, ते मलाही कधी कळलं नाही. बरेच लोक थेट ट्रायला पत्र लिहितात, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथे फी नाही. टेलिफोनचे वाद ग्राहक आयोगात चालतात का यावर पूर्वी घोळ होता, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये चालतात म्हणून सांगितलं.

मात्र पावती नसेल तर यातलं काही नाही. कातळसडा, तुमचे ६०० रोख आणि पावती नाही, हे वाचून मला तेव्हाच अस्वस्थ झालं होतं.

वेळणेश्वरी | ११ मे, दुपारी ४:००

बाबांच्या मुद्द्याला कोणी हातच लावत नाहीये. मी लावते.

आमच्याकडेही केबलवाला गावचाच. आम्ही काय केलं, नेट सोडलं, केबल टीव्ही ठेवला. सहा महिने तो आमच्याकडे बघून दुसरीकडे मान वळवायचा. मग त्याच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा होती, त्याचं नेट गेलं, आणि ती आमच्या ओटीवर बसून परीक्षा देऊन गेली. त्यानंतर काही नाही.

दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा, एवढंच म्हणेन. आणि जुनं बंद करण्याआधी नवीन एक महिना शेजारी चालू ठेवा, पाऊस लागेपर्यंत. एक महिन्याचे ६०० जास्त जातील, जाऊ देत.

कातळसडा | १९ मे, रात्री १०:३०

अपडेट.

एअरफायबर बाद. मुलगा आला, कौलांवर चढला, चारही कोपरे फिरला (वेळणेश्वरी, आभार). पडवीच्या टोकाला थोडं मिळालं, पण तिथे फणसाची फांदी. पावसात पानं ओली झाली की तेही जाईल, असं तो स्वतःच म्हणाला. प्रामाणिक निघाला.

मग फायबरचा अर्ज ऑनलाइन भरला. ४९९ चा प्लॅन, कर धरून ५८८ रुपये ८२ पैसे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, अजून पाऊस बघितलेला नाही.

काल सकाळी अर्जाचा फोन आला. "दादा, तुमच्याकडे फायबर जोडायला येतोय, घर खंय?" मी पत्ता सांगायला लागलो. पलीकडून हसण्याचा आवाज. "अरे, मी रे!"

केबलवाला.

शेजारच्या गावापर्यंत फायबर आणणारा कंपनीचा स्थानिक भागीदार तोच. मार्चपासून. बाबा ओटीवर सुपारी कातरत होते, त्यांनी एवढंच म्हटलं, "मी सांगलंय नाय?" काय सांगितलं होतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

घावणेवाला | १९ मे, रात्री १०:४१

😂😂 मगे बदललास काय नेमक्या?

कातळसडा | १९ मे, रात्री ११:०५

तोच विचार आज दिवसभर करतोय. खांबावर चढणारा माणूस तोच. पण बिल आता कंपनीच्या नावाने येतं, पावती आहे, तक्रारीचा क्रमांक मिळतो. जुन्या लाइनला तो स्वतःच मालक होता, वरून घेतलेली क्षमता तोच वाडीभर वाटायचा, म्हणून रात्री आठला सहा एमबीपीएस. त्याला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "तू कधी विचारलंस? मला वाटलं तू पुण्याचा, तुला महागातलंच हवं असेल." मी त्याला दुखवायला घाबरत होतो आणि तो मला.

पॉवर मीटर मागितला तेव्हा चकित झाला. "कोणी शिकवला तुका?" उणे २१.१. जोड यंत्रावर केला. दाराच्या मागे लिहिलंय, पेट्यांच्या हिशेबाखाली.

काचतंतू | २० मे, सकाळी ७:१५

छान आकडा. राउटर कुठे ठेवलात?

कातळसडा | २० मे, सकाळी ८:२०

माजघरात. आणि चूक झाली. चिऱ्याच्या जाड भिंती, ओटीवर वायफायचं ५ गिगाहर्ट्‌झ पोचतच नाही, २.४ वाल्यावर कसंबसं. लॅनची केबल टाकून ओटीवर जुना राउटर लावतोय.

कातळसडा | २८ मे, रात्री ९:१०

यंदा पावसाने मिरगाची वाटच बघितली नाही. परवापासून धो-धो, लाईट ३१ तास नव्हती. ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला होता, तो चार तास टिकला, मग इन्व्हर्टरवर. पण तीन तासांनीच नेट गेलं, कारण शेजारच्या गावात जिथून ही तार सुटते तिथली बॅटरी संपली. म्हणजे आपण कितीही जय्यत तयारी केली तरी मधला एक डबा झोपला की संपलं. केबलवाला रात्री दहाला जनरेटर घेऊन तिकडे गेला. जुन्या लाइनला त्याने असं कधी केलं नव्हतं. विचारलं तर म्हणतो, आता वरून फोन येतो.

जुनी लाइन अजून बंद केलेली नाही. ती अर्थातच लाईट गेल्याच्या मिनिटाला गेली.

चाकरमानी_दादर | २९ मे, सकाळी ९:००

हे वाचून राजापूरच्या अर्जात 'स्थानिक भागीदाराकडे बॅटरी किती तासांची' हा प्रश्न घातला. फोनवरची मुलगी म्हणाली, असं आजवर कोणी विचारलं नाही.

कातळसडा | ६ जुलै, रात्री ८:४५

जुनी लाइन ३० जूनला बंद. ते मीच त्याच्या घरी जाऊन सांगितलं, राउटर परत दिला, आणि 'मिळाला' म्हणून कागदावर सही घेतली. सही मागताना मला लाज वाटली, त्याला नाही. उलट चहा दिला.

टीव्हीचं: बाबांनी माडाच्या तीन झावळ्या स्वतः उतरवून घेतल्या (मी विषय आईकडून काढवला). पट्टी कोरड्या दिवशी साठवरून ऐंशीच्या वर गेली. चॅनेल निवडून घेतले, ४६० चे २७० झाले. छत्री तीच, कंपनी तीच. जोराच्या सरीत अजूनही जातं, पण मालिकेतलं लग्न लागून जातं. फ्री डिशचा चहा दोन घरी पिऊन आलो, आईच्या चारपैकी दोनच मालिका तिथे, म्हणून ते राहिलं.

एकदाच बंद पडलं होतं, २४ जूनला. वांदरांनी तारेवर झोके घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडून झालं.

आईचा_रिमोट | ६ जुलै, रात्री ९:२०

वांदरांवर ट्रायचा काही नियम नाही. २७० ऐकून बरं वाटलं. पुढच्या पावसाळ्याआधी झावळ्या पुन्हा बघा.

काचतंतू | ८ सप्टेंबर, सकाळी १०:००

गणपती झाले. कातळसडा, आकडा काय?

कातळसडा | ८ सप्टेंबर, रात्री ८:१५

उणे २३.६. चाकरमानी सगळे आमच्या ओटीवर नेटला बसले होते, तरी वेगात फरक जाणवला नाही.

काचतंतू | ८ सप्टेंबर, रात्री ८:२८

वेगात जाणवणार नाही. पण मे महिन्यात उणे २१.१ होता. अडीच आकडे म्हणजे जवळजवळ निम्मा प्रकाश गेला. वांदरांनंतर जोडलेल्या ठिकाणी ओल असणार. डबी उघडून जोड पुन्हा करायला सांगा, परतीच्या पावसाआधी.

कातळसडा | ८ सप्टेंबर, रात्री ८:३१

सांगतो. इथेच आहे तो, पुढच्या वर्षीच्या भजनाच्या वेळेवरून बाबांशी भांडतोय.